डबा वर, डबा खाली

छत्रीबाग, इंदूर
पितृपंधरवडा लागला त्या आठवड्यात

तीर्थरूप ताईस,

धाकट्या वासुदेवाचा वाकून नमस्कार. (कमरेला पट्टा आहे, तेव्हा प्रत्यक्षात जेवढं वाकता येतं तेवढंच, बाकीचं मनाने.) इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. तुझी खुशाली हल्ली तुझ्याकडून कळतच नाही, ती पुष्करकडून कळते, आणि तो "आई एकदम फिट" एवढ्यावर तुला उरकतो. गुडघ्याचं काय झालं, भाऊजींचा खोकला थांबला का, शेजारच्या त्या बाई अजून तुमच्या कुंडीतली फुलं तोडतात का, यातलं काही त्याच्या उत्तरात नसतं. फोन केला असता, पण आमचा फोन स्वयंपाकघराच्या दाराशी आहे आणि शोभनाला भाजणी भाजतानाही सगळं ऐकू येतं. ई-मेल करावी, तर तुझी ई-मेल पुष्करच उघडतो आणि तुला वाचून दाखवतो, आणि मला जे लिहायचं आहे ते त्याच्याचविषयी आहे. म्हणून हे पाकीट. एकटी असशील तेव्हा वाच.

मुद्दा आधी सांगतो, कारण मी मुद्द्यावर फार उशिरा येतो असं तू लहानपणापासून म्हणत आली आहेस. दसऱ्याला पुष्कर पुन्हा इंदूरला यायचं म्हणतो आहे. त्याला येऊ देऊ नकोस. गुडघा दुखतो म्हण, मुलगी बघायला जायचं आहे म्हण, काहीही म्हण. मुलगा गुणाचा आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मामी वाढेल ते खातो, मोठ्यांना उलटून बोलत नाही, आंघोळीनंतर टॉवेल स्वतः वाळत घालतो. पण श्रावणात तो इथे पंधरवडाभर राहून गेला आणि तेवढ्यात त्याने माझी फेरी घालवली. आता येऊन तो आमचं महूचं दुकानही कॉम्प्युटरने घराशी जोडणार आहे, म्हणजे आठवड्यातून एकदा बसने महूला जायचं जे काम माझ्याकडे उरलं आहे तेही जाईल. मग मी सकाळी उठून करायचं काय, हा विचार त्याने केलेला नाही, आणि त्याला तो सुचवावा असं या घरात कोणाला वाटलेलं नाही.

फेरी म्हणजे काय ते तुला नीट सांगायला हवं. मिलला कुलूप लागलं तेव्हा मी टाइम ऑफिसात होतो. कोण आला, कोण गेला, कोणाचं कार्ड कोणी पंच केलं, कोणत्या खात्यात कोणाच्या घरी बारसं आहे, सगळी खबर माझ्या खिडकीवरून जायची. मग एका सकाळी गेटवर कागद चिकटला आणि खबर थांबली. त्यानंतरचं घर शोभनाने चालवलं, हे मी कोणापाशीही मान्य करतो. तिने घरघंटी घेतली आणि थालीपिठाची भाजणी दळून द्यायला लागली. बाहेर एक मिल बंद पडली आणि आमच्या बैठकीत दुसरी सुरू झाली, फरक एवढाच की या दुसऱ्या मिलमध्ये मला नोकरी नव्हती. भाजणीमागून मेतकूट आलं, गोडा मसाला आला, आणि पुढे बाजारात परदेशी कंपन्यांची चकचकीत पाकिटं आली तेव्हा तर लोकांना घरच्या डब्याची फारच आठवण यायला लागली. आज इंदूरच्या कितीतरी मराठी घरांत दर महिन्याला आमचा स्टीलचा डबा भरून जातो आणि रिकामा परत येतो. (हिंदी घरांतही जातो. गोदामावरच्या पाटीवर रंगाऱ्याने 'भाजणी विभाग'चं 'भजनी विभाग' करून ठेवलं आहे, आणि अधूनमधून कोणीतरी येऊन ढोलकीवाला मिळेल का विचारतं.)

धंदा वाढला तसे कॉम्प्युटर आले, आणि तेही एक नाही, तीन, तिघांच्या तीन भाषा. वरच्या मजल्यावर अंबिका फोनवर ऑर्डरी घेते, ती मराठीत लिहिते. (अंबिका म्हणजे आपल्या अनीशची बायको, तू तिला लग्नात पाहिलं आहेस. अनीश पीथमपूरला कारखान्यात जातो आणि घरी फक्त झोपायला येतो.) गल्लीपलीकडच्या गोदामात रजत डबे भरून रवाना करतो, त्याचा प्रोग्राम हिंदीत, त्याच्याच कुणा दोस्ताने करून दिलेला. आणि मागच्या खोलीत निवेदिता हिशेब ठेवते, ते इंग्रजीत. ही मुलगी नाशिकची, नवऱ्याच्या बदलीमुळे इंदूरला आलेली. पहिल्या आठवड्यात तिने मला अगदी सरळ मनाने विचारलं होतं, की काका, तुमच्या घरी मराठी कोणी बोलत नाही का. तर तिघांचं गिऱ्हाईक एकच, पण प्रत्येकाकडे त्याचं नाव वेगळं. अंबिकाच्या यादीत 'निफाडकरकाकू', रजतकडे 'पीले गेट वाली आंटीजी' आणि निवेदिताकडे 'मिसेस ए. व्ही. निफाडकर'. काकूंनी घर बदललं की अंबिकाला कळायचं आणि रजतला कळायचं नाही. मग डबा जुन्या घरी, बिल नव्या घरी आणि काकू फोनवर.

हे सगळं सांधून ठेवायचा तो मी. पोहे खाऊन झाले की मी निघायचो. आधी वर, अंबिकाकडे. तिथून गोदामात, गोदामातून निवेदिताकडे, आणि निवेदिताला काही शंका निघाली की परत वर. "पीले गेट वाली" म्हणजे निफाडकर, आणि निफाडकर आता पिवळ्या गेटात राहत नाहीत, हे मला माहीत असायचं. प्रत्येक ठिकाणी चहा व्हायचा आणि प्रत्येक ठिकाणी थोडं बसणं व्हायचं. हे काम मला कोणी दिलं नव्हतं आणि या कामाला काही नाव नव्हतं, पण मी तापाने पडलो की दुसऱ्या दिवशी गोड्या मसाल्याच्या डब्यात मेतकूट जायचं. ताई, त्या तापातही मला बरं वाटायचं.

पुष्कर आला तेव्हा दोन दिवस तो माझ्याबरोबर नुसता फिरला. मी म्हटलं भाच्याला मामाचा लळा आहे. तिसऱ्या दिवशी जेवताना तो म्हणाला, "मामा, तुम्ही दिवसभर हे जे करता ना, त्यालाच आम्ही वेब सर्व्हिस म्हणतो." मला इतका आनंद झाला की मी आणखी एक पोळी घेतली. शोभनाकडे बघून मी म्हणालोसुद्धा, की बघ, पुण्यात याचं खातं आहे. मग त्याने माझ्याच पाठकोऱ्या कागदावर आकृती काढली. म्हणाला, तिघांचे प्रोग्राम मोडायचे नाहीत, ज्याला जे आवडतं त्याने ते वापरावं. फक्त प्रत्येकाला एक खिडकी पाडायची. एकाने खिडकीवर येऊन ठरलेल्या भाषेत विचारायचं, दुसऱ्याने ठरलेल्या भाषेत उत्तर द्यायचं. आत कोण बसलं आहे आणि तो काय बोलतो याची चौकशी करायची नाही. आणि गिऱ्हाइकांची खरी यादी एकच, मधोमध, सगळ्यांनी तिथूनच घ्यायची. आपला टाइम ऑफिसच की. मी म्हटलं, बरोबर आहे, मग मी कुठे बसायचं? तो म्हणाला, "तुम्हाला बसायची गरजच नाही, मामा." हे त्याने मला सुख देण्यासाठी म्हटलं, हे मला कळतं. पण मी घेतलेली पोळी तशीच राहिली.

हे खिडकीवरचं बोलणं कशात चालतं, असं अंबिकाने विचारलं, तर पुष्कर म्हणाला सोपमध्ये. शोभनाला वाटलं सोपं. ती म्हणाली, सोपं असेल तर मलाही शिकव. निवेदिताने तिला समजावलं की सोप म्हणजे साबण, पण हा साबण नव्हे, साबणाच्या नावाची पद्धत आहे. रजत दारात उभा होता. त्याला ऐकू आली सौंफ, आणि तो जाऊन बडीशेपेची पुडी घेऊन आला. ती सगळ्यांनी खाल्ली आणि काम सुरू झालं. (एवढी माणसं एकाच घरात राहून एकाच शब्दाचे तीन अर्थ करतात, तेव्हा मशिनं काय करतील, हा विचार तेव्हाच कोणीतरी करायला हवा होता. मी केला नाही, कारण मी रागावून बडीशेप चघळत होतो.)

आता नीट लक्ष देऊन वाच. अंबिकाच्या यादीत 'डबा' असा एक रकाना आहे. डबा कुठे द्यायचा ते त्यात लिहायचं: गिऱ्हाईक वरच्या मजल्यावर राहत असेल तर 'वर', तळमजल्यावर असेल तर 'खाली'. रजतच्या यादीतही 'डबा' असाच एक रकाना आहे. डबा भरलेला असेल तर तो लिहितो 'भरा', आणि डबा रिकामा असून पुन्हा भरून पाठवायचा असेल तर लिहितो 'खाली'. शिवाय लग्नघरच्या ऑर्डरी असतात. त्यांतला मुलाकडे जाणारा डबा लाल फडक्यात बांधायचा असतो आणि मुलीकडे जाणारा पिवळ्या फडक्यात. म्हणून त्या डब्यांपुढे तो लिहितो 'वर' किंवा 'वधू'. तुझा पुष्कर पुण्यात वाढलेला. त्याने दोन्हीकडे 'डबा' पाहिलं, दोन्हीकडे 'खाली' पाहिलं, दोन्हीकडे 'वर' पाहिलं आणि त्याला भरून आलं. म्हणाला, बघा, हे तर आधीच जुळलेलं आहे. आणि त्याने दोन्ही रकाने जोडून टाकले.

सोमवारी मशिनं एकमेकांशी बोलायला लागली, आणि मंगळवारपासून इंदूरमधल्या आमच्या प्रत्येक तळमजल्यावर रोज भरलेला डबा जायला लागला. कारण अंबिकाचं मशीन सांगत होतं 'खाली', म्हणजे ही मंडळी खाली राहतात. आणि रजतचं मशीन ऐकत होतं 'खाली', म्हणजे यांचा डबा रिकामा पडला आहे. रजत भरायचा, पाठवायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच नाव पुन्हा 'खाली'. त्याला वाटलं श्रावण आहे, मराठी लोक उपासाच्या दुसऱ्या दिवशी थालीपिठं जास्त खात असतील. निफाडकरकाकू, अरुंधतीबाई, एकटी बाई. तिच्याकडे डब्यावर डबा. आणि ताई, सगळ्यात मोठी गंमत अशी की एकाही तळमजल्यावरून तक्रारीचा फोन आला नाही. सध्या बाजारात एकावर एक फुकट द्यायची जी पद्धत निघाली आहे ना, तीच आमच्याकडेही आली असं लोक समजले. अरुंधतीबाईंनी तर शेवटी फोन केला तो हे विचारायला, की बाकीच्या कंपन्या वर एक बादलीही देतात, ती तुमची कधी येणार.

फोन आले ते वरच्या मजल्यांवरून. त्यांच्यापुढे अंबिकाने लिहिलं होतं 'वर'. रजतने ते वाचलं आणि गावातल्या प्रत्येक वरच्या मजल्यावर एकेक नवरदेव बसला आहे अशा समजुतीने लाल फडकी आणायला माणूस पिटाळला. मोठा डबा, वर लाल फडकं, फडक्यावर नारळ आणि चिठ्ठी: शुभ विवाह, वरपक्ष. मी नंतर त्याला म्हटलं, अरे रजत, चातुर्मासात मराठी माणसाकडे लग्न असतं का, तुला एवढं कळू नये? तर म्हणतो, "काकासाब, आजकल तो, भिया, शादी कोर्ट में कभी भी हो जाती है। मैंने सोचा, सबने एक साथ निपटा ली।" त्याच्या आवाजात जराही पश्चात्ताप नव्हता, कारण त्याने नारळ स्वतः निवडून लावले होते.

आमच्या गल्लीच्या टोकाला टिकेकरसर राहतात, भूगोल शिकवायचे, आता रिटायर. लग्न केलं नाही. जन्मभर नकाशे आणि वरचा मजला. त्यांच्या दारात लाल फडक्याचा डबा आणि नारळ घेऊन आमचा माणूस उभा राहिला तेव्हा खालच्या बिऱ्हाडातल्या सगळ्या बायका जिन्यात आल्या. दुपारपर्यंत छत्रीबागेत बातमी. संध्याकाळी सर आमच्याकडे आले. मला वाटलं, आता आपली काही खैर नाही. पण सरांनी इस्त्रीचा झब्बा घातला होता, दाढी केली होती, आणि पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी इकडेतिकडे बघून मला हळूच विचारलं, "वासुदेवराव, स्थळ कोणाकडून आलं आहे?" ताई, मी त्यांना मजल्याचा आणि रकान्याचा घोटाळा समजावून सांगितला. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, असं होय. डबा त्यांनी परत केला. नारळ मी मागितला नाही.

तर असे चार दिवस गेले, आणि खोटं कशाला सांगू, ते माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. अंबिका वरून हाका मारायची, रजत गल्लीतून, निवेदिता मागच्या खोलीतून, आणि तिन्हीकडून एकच नाव. हे कोण, ते कुठे राहतात, यांच्याकडे खरंच लग्न आहे का. कमरेचा पट्टा मी काढून ठेवला होता. जिना दिवसातून किती वेळा चढलो त्याचा हिशेब नाही. एकदा तर शोभना म्हणाली, अहो, दोन घास बसून खा. असं ती मला मिलमध्ये असताना म्हणायची. पुष्कर बिचारा कोपऱ्यात कॉम्प्युटरपुढे बसून होता, डोळे लाल झाले होते, आणि मी जाता-येता त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचो, होतं रे असं. मनातून मी त्याचा फार आभारी होतो.

पण तुझा मुलगा हुशार आहे. (हे तू सगळ्यांना सांगत आली आहेस, आणि मी त्यावर कधी विश्वास ठेवला नव्हता.) त्याने मूळ शोधून काढलं. अंबिकाच्या 'खाली'चं 'तळमजला' केलं, 'वर'चं 'पहिला मजला' केलं, दोन्ही रकाने तोडून वेगळे केले, आणि कोणाकडे कोणत्या शब्दाचा काय अर्थ आहे याचं एक कोष्टक करून मधोमध बसवलं. तेव्हापासून मशिनं एकमेकांशी अशी गोडीत बोलतात की बघून जीव जळतो. निफाडकरकाकू, पिवळं गेट आणि मिसेस ए. व्ही. ही आता एकच बाई आहे. अंबिकाने पत्ता बदलला की गोदामात बदलतो, हिशेबात बदलतो, मध्ये माणूस लागत नाही. गणपतीत एवढी मोठी ऑर्डर होती, चकलीची भाजणी होती, महूच्या छावणीतल्या मंडळींचा वेगळा मसाला होता, पण एक डबा चुकला नाही. अनंत चतुर्दशीच्या रात्री नेहमीसारख्या मिलच्या झाक्या, दिव्यांच्या देखाव्यांच्या गाड्या, निघाल्या, मी जिथे दरवर्षी उभा राहतो तिथे उभा होतो, आणि जुन्या खात्यातले दोघे-तिघे भेटले. त्यांनी विचारलं, "वासुदेवजी, आजकल क्या चल रहा है?" दरवर्षी मी म्हणतो, धंदा बघतो. यंदा मी त्यांना पोहे खाऊ घातले आणि दुसरं काहीतरी विचारलं.

परवाच्या मंगळवारी मी तरीही निघालो. वर गेलो, तर अंबिका म्हणाली, बाबा, सगळं झालंय, तुम्ही पेपर वाचा ना. गोदामात गेलो. रजतने खुर्ची दिली, चहा मागवला, माणूस म्हणून तो सोन्यासारखा आहे, आणि म्हणाला, "काकासाब, सब आ गया मशीन में। आप तो अब आराम करो।" मी चहा घेतला आणि घरी आलो. ताई, मिलच्या गेटवरच्या चौकीदाराने मला त्या दिवशी हेच सांगितलं होतं. तेव्हा मी चाळिशीत होतो, रडू आलं नाही. या वेळी आलं. शोभना मसाला भाजत होती, त्यामुळे घरात सगळ्यांच्याच डोळ्यांतून पाणी येत होतं आणि कोणाच्या लक्षात आलं नाही.

म्हणून सांगतो, त्याला दसऱ्याला पाठवू नकोस. महूची फेरी तेवढी राहू दे. बसमध्ये खिडकीशी बसायला मिळतं, तिथे दुकानात दोन माणसं माझी वाट बघतात, आणि त्यांना अजून वाटतं की मी आल्याशिवाय त्यांना काही कळणार नाही. भाऊजींना नमस्कार. पुष्करला आशीर्वाद, आणि त्याला यातलं काही कळू देऊ नकोस. मुलगी खरोखरच बघ.

तुझा,
वासुदेव

ता. क. पत्र काल लिहून ठेवलं होतं, पण वरचं सगळं रद्द समज. पुष्करला ताबडतोब पाठव. दसऱ्यापर्यंत थांबू नकोस, आज पत्र मिळालं तर आज गाडीत बसव. झालं असं की काल दुपारी सगळे पडले होते. मला वाटलं, त्या मधल्या खऱ्या यादीत एखादी तरी नोंद अशी असावी की जिथे मशिनाला माझी गरज लागेल. एकच, फार नाही. म्हणून मी अंबिकाच्या खुर्चीत बसलो आणि टिकेकरसरांच्या पत्त्याच्या जागी टाइप केलं, 'वासुदेवांना विचारा'. मशिनाने इंग्रजीत काहीतरी विचारलं. मी यस म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं. इतक्या अदबीने कोणी विचारलं तर नाही कसं म्हणणार. आज सकाळी गोदामात डब्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या छापून आल्या. प्रत्येक चिठ्ठीवर गिऱ्हाइकाचं नाव बरोबर आहे, आणि खाली सगळ्यांचा पत्ता एकच: वासुदेवांना विचारा.

ता. क. २. शोभनाला यातलं काही माहीत नाही, तिला वाटतं आहे की मशीन आपोआप बिघडलं. तिला कळता कामा नये. रजत गल्लीतून तिसऱ्यांदा हाक मारतो आहे, डबे सगळे ओट्यावर मांडले आहेत म्हणतो. मी जातो. पाकीट अंबिकाला चिकटवून टाकायला सांगतो.

*

ती. वन्संना शोभनाचा साष्टांग नमस्कार. पाकीट चिकटवायची खळ माझ्या स्वयंपाकघरात असते हे ह्यांच्या लक्षात राहिलं नाही, म्हणून पत्र माझ्याकडे आलं आणि मी ते वाचलं. काल दुपारी मी पडले होते, झोपले नव्हते. रोजच्या यादीची नक्कल काढून ठेवायला पुष्करने अंबिकाला शिकवलं आहे. ती सकाळीच म्हणाली, आई, दहा मिनिटांचं काम आहे, लगेच पहिल्यासारखं करते. मी म्हटलं, हात लावू नकोस. आत्ता हे गोदामाच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसले आहेत. रजत एकेक डबा उचलून "काकासाब, ये किसका?" विचारतो आणि हे सांगतात. दोनदा चुकीचं सांगितलं, ते निवेदिताने मागच्या मागे नीट लिहून घेतलं. जेवायला हाक मारली तर इथपर्यंत ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले, कामात आहे. रडल्याचं मला त्या दिवशीच दिसलं होतं, वन्सं. मसाला भाजत होते म्हणून डोळे फुटले नव्हते माझे. दिवाळीपर्यंत हे असंच ठेवायचं आम्ही तिघींनी आणि रजतने ठरवलं आहे. पुष्करला पाठवू नका, आणि मामाचा फोन आला तर त्याने एवढंच म्हणावं, की बिघाड मोठा आहे, वेळ लागेल.